निरगाठ

एमायोगी नदी गोठली त्या आठवड्यात
आमच्या वर्गात एक सिनेमा आला, उपशीर्षकांशिवाय.
दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटावरचा.
भाषा आम्हा सहांपैकी एकालाही येत नव्हती.
उइबोबाई म्हणाल्या, उत्तम.
आज नुसत्या डोळ्यांनी वाचा.

तार्तू शहर, बाहेर उणे अठरा,
रेडिएटरवर वाळत टाकलेले सहा जोड हातमोजे,
ओल्या लोकरीचा वास,
आणि पडद्यावर लखलखीत ऊन.
एक म्हातारा नावेच्या सावलीत बसून
जाळं दुरुस्त करतोय.
सात मिनिटं.
कुणी येत नाही, कुणी मरत नाही.

दिवे लागले तसे आम्ही बोलायला लागलो.
तानेल प्रतीक्षेवर बोलला, छान बोलला.
लेहतेच्या मते समुद्र म्हणजे दडपलेला इतिहास.
मी 'काळ' हा शब्द अकरा वेळा वापरला होता
आणि बाराव्यांदा तोंड उघडणार,
तेवढ्यात अन्फिसा म्हणाली,
"त्याला गाठ मारता येत नाही."

कुणाला?

"त्या नटाला. सुरगाठी मारतोय.
पहिल्या खेपेलाच सुटतील.
मासे हसत हसत घरी जातील."

अन्फिसा पेइप्सी सरोवराच्या काठची,
कांद्याच्या वाफ्यांच्या, जुन्या प्रार्थनांच्या गावातली.
घरात रशियन, वर्गात एस्टोनियन, प्रबंध इंग्रजीत;
गप्प बसायची मात्र तिन्ही भाषांत सारखीच.
त्यांच्या स्वयंपाकघरात म्हणे हिवाळाभर
छताच्या आकड्याला जाळं टांगलेलं,
एका टोकाला बाप, दुसऱ्या टोकाला ही,
मधे गृहपाठाची वही, खवले चिकटलेली.

उइबोबाईंनी चष्मा काढला, पुसला,
म्हणाल्या, पुन्हा लावा.

पुन्हा सात मिनिटं.
आता ऊन नाही, समुद्र नाही, इतिहासही नाही,
सहा माणसं दहा बोटांकडे टक लावून.
चौथ्या मिनिटाला कॅमेरा पुढे सरकतो,
चेहरा कापला जातो, आणि
"थांबवा!" अन्फिसा उभीच राहिली.
"हे हात दुसऱ्याचे आहेत."

खरंच की.
अंगठ्याचं नख काळं पडलेलं,
तर्जनीवर दोऱ्यानं कोरलेली जुनी खाच,
सदरा तोच, पण बाही मनगटाला आखूड.
लाकडी सुई अशी फिरत होती
जशी जीभ फिरते आपल्याच दातांवरून.
निरगाठ. पुढचं घर. निरगाठ.
नटाला उठवून कुणीतरी
नाववाल्याला बसवलं असणार तेवढ्यापुरतं.

तिनं पत्रं लिहिली. दोन महिन्यांनी
श्रेयनामावलीचं भाषांतर आलं.
त्यात जनरेटरवाला होता, शिवणारी बाई होती,
उसनी बकरी देणाऱ्याचेसुद्धा आभार होते.
हात नव्हते.

समितीनं विचारलं, विषय बदलताय,
सैद्धांतिक चौकट कोणती?
ती म्हणाली, चौकटीत फक्त हात घेतलेत त्यांनी.
मी उरलेला माणूस शोधतेय.
एक सदस्य खोकले. मंजुरी मिळाली,
एका मतानं.

मार्चमध्ये तिच्या गावी गेलो होतो.
बर्फाला तडे जाताना रात्रभर ऐकू येत होतं,
कुणी फरशीवरून कपाट ओढावं तसं.
तिनं बापाला फोनवर तेवढंच दृश्य दाखवलं.
म्हाताऱ्यानं ते बघितलं. मागे नेलं. परत बघितलं.
सिनेमा कसला, देश कोणता, काही विचारलं नाही.
एवढंच म्हणाला, "डावखुरा आहे."

आम्ही दोघं, जागतिक साहित्याची चार वर्षं पाठीशी,
एकमेकांकडे बघत राहिलो.

माझा प्रबंध वेळेत संपला, काळावरचा.
तिचा अजून चालू आहे.

पण त्या रात्री, चहा गार होत असताना,
म्हाताऱ्यानं आकड्यावरचं जाळं ओढून घेतलं,
सुई उजव्या हातातून डाव्यात घेतली,
आणि कधी न पाहिलेल्या माणसासारखी
ओवायला गेला.
एकदा चुकला. शिवी दिली. पुन्हा चुकला.

तिसऱ्यांदा
गाठ पडली.