अकरा चाळीस ते साडेतीन

हैदराबादहून परतलं की
अकरा चाळीसपासून साडेतीनपर्यंत
आमचं विमान नुसतं उभं असतं
सोनेगावच्या उन्हात,
पंख्याची पाती पट्ट्यानं बांधलेली.
भाडं मात्र चालू,
नागपुरातल्या एकाही ऑटोत जे चालत नाही
त्या मीटरसारखं.

तर प्रश्न एवढाच, की
चार तासांना दहा मिनिटं कमी
इतक्यात कुठं जाऊन येता येईल?

लोकांना वाटतं आम्ही नकाशा पाहतो.
नकाशात काय आहे?
झिरो माइलपासून सगळी गावं सारखीच लांब,
म्हणजे आपण कुणालाच जवळचे नाही,
असं बारापात्रे दर मीटिंगला म्हणतात
आणि दुसरा समोसा उचलतात.

आम्ही पाहतो
तिकडच्या विमानतळावरचा बंबवाला घरी किती वाजता जातो.
तेल तिथं मिळतं, की परतीचंही
इथूनच पोटात घालून न्यायचं.
जबलपूरला रात्रीची गाडी आहे,
माणूस झोपतो आणि पोचतो,
तो आपल्याकडे कशाला येईल?
नांदेड लग्नसराईत भरेल, मग पानपट्टीइतकंही चालणार नाही.
आणि मे महिना.
सेहेचाळीस अंशांवर हवा पातळ होते
खानावळीतल्या शेवटच्या पंगतीच्या वरणासारखी,
बहात्तर माणसं तिला उचलत नाहीत.
नऊ जागा रिकाम्या सोडाव्या लागतात.
इंगोले चष्मा पुसत विचारतात,
या उन्हाचं तिकीट फाडू कुणाच्या नावावर?

जगदलपूर यादीत सर्वांत खाली होतं.
आकडेच नव्हते.
म्हणून अकरा रात्री मी गणेशपेठेत उभी राहिले
ट्रॅव्हल्सच्या बसा मोजत,
हातात वही, पायांत घरच्या चपला.
छत्रीखाली टेबल टाकून बसलेल्या सुकराम उईकेला
तिसऱ्या रात्री माझा संशय आला,
पाचव्या रात्री त्यानं चहा दिला,
आठव्या रात्री स्वतःचं रजिस्टर.

येणारे दोनशे चौदा.
जाणारे एकशे शहाण्णव.
मी म्हटलं, अठरा कुठं गेले?
रेल्वेनं? रायपूरवरून?

"काहून इचारता मॅडम," तो म्हणाला,
"दवाखान्याचे पेशंट हायेत.
येतानी तीन तिकिटं काढतेत, जातानी दोन.
तिसरा अँबुलन्सनं जाते,
थे आपल्या रजिस्टरात येत नाही."
मग त्यानं एका पोराला ओरडून
मागच्या सीटवर उशी ठेवायला सांगितलं.

आमच्या तक्त्यात एक रकाना असतो:
परतीतली तूट, कारण.
पर्याय चार. सण, शाळा, शेती, इतर.

मी 'इतर' निवडलं.
इंगोले म्हणाले, परतीला आठ टक्के जागा वाया,
नाही परवडत.
मी काहीच बोलले नाही, बोलता आलं असतं.
शेवटी बारापात्रेच म्हणाले, अहो,
तसंही ते उभंच असतं ना तिथं ऊन खात.
एवढ्यावर मार्ग ठरला.
मंगळवार, गुरुवार, शनिवार, सहा महिने बघू.
इतिवृत्तात लिहिलं: विमानाचा उपलब्ध वेळ.

पहिल्या दिवशी मी गेले होते.
बारा दहाला निघालो, सव्वाला उतरलो,
खाली जंगल संपतच नव्हतं, मग एकदम धावपट्टी.
फीत कापली गेली, पेढे वाटले गेले,
परतीला अडतीस माणसं.
एकाच्या हातात एक्स-रेचा मोठा लिफाफा,
तो वरच्या कप्प्यात मावेना,
दुमडायला तो तयार होईना.
त्याची बायको खुर्चीत डोळे मिटून.

त्यानं काउंटरवर विचारलं,
जाण्याची दोन तिकिटं द्या,
आणि येण्याची दोन,
पण येण्याची तारीख
मोकळी ठेवता येईल का?

पोरीनं माझ्याकडे पाहिलं.
आमच्या सिस्टिममध्ये
तारखेशिवाय पुढं जाता येत नाही.