इतर तक्रारी

वडाळ्याच्या शाळेत, तिसऱ्या मजल्यावर,
चित्रकलेच्या वर्गात आमचा वजनकाटा मांडलेला.
पाचवी ब. पट एकोणपन्नास.
उंची, वजन, दात, डोळे, नखं
आणि कागदाच्या पार कडेला
बोटाच्या पेराएवढा रकाना : इतर तक्रारी.

बावीस वर्षं मी तो एकाच शब्दाने भरत आले.
"काही त्रास?" मी विचारते, मान खाली घालून.
"नाही," पोरं म्हणतात, माझ्या भांगाकडे बघत.
निरंक.
पुढचा या.

त्या दिवशी पेन वाळलं.
झटकलं, तळव्यावर गिरवलं, तोंडाची वाफ दिली.
शिपाई दुसरं आणायला खाली गेला
आणि हाताला काम नाही म्हणून
मी वर पाहिलं.

समोर यशिका सोनटक्के,
काट्यावरून उतरायचं विसरलेली.
"सिस्टर, पोट दुखतं.
रविवारी नाही दुखत."

हसू येणारच होतं मला.
शाळेच्या पोटदुख्या काय कमी पाहिल्यात?
'ओवा खा' जिभेच्या टोकावर होतं.
पण शिपाई जिन्यात कुणाशी तरी बोलत राहिला
आणि मी, का कोण जाणे,
नुसतं "बरं" म्हटलं.

त्या एका 'बरं'वर ती बोलायला लागली.

सकाळी सातपासून पाणी पीत नाही.
बाटली भरून आणते, भरलेलीच परत नेते,
गल्लीच्या तोंडाशी कढीपत्त्याला ओतते,
म्हणजे आई ओरडत नाही.
कढीपत्ता त्यामुळे फोफावलाय म्हणे.
संडासाच्या दाराला कडी नाही.
आधी नफीसा बाहेर उभी राहायची, पाढे म्हणायची,
मोठ्याने,
म्हणजे ती आहे हे आत कळायचं.
दिवाळीनंतर त्यांची चाळ पाडली.
नफीसा आता विरारला.
"रात्री पण जाग येते," यशिका म्हणाली,
"तेव्हा पोट नाही दुखत.
तेव्हा काय दुखतं ते मला माहीत नाही."

शिपाई नवं पेन ठेवून गेला.
मी रकान्याकडे पाहिलं.
हे कुठे लिहू? मूत्रमार्ग? झोप? मैत्रीण?
पेराएवढ्या जागेत विरार मावत नाही.

माझा केदार नववीत असताना
ओट्यापाशी येऊन उभा राहायचा.
"आई, ऐक ना."
मी कुकरच्या शिट्ट्या मोजत असायची.
"बोल, ऐकतेय."
तो फ्रिज उघडायचा, आत बघायचा, बंद करायचा,
जायचा.
आता पुण्याला असतो. फोनवर विचारलं तर
सगळं बरंय म्हणतो.
निरंक.

कडीसाठी अर्ज करा, म्हणाले मुख्याध्यापक.
अर्ज केला. तो अजून चालतोय.
कडी मी प्रतीक्षानगरच्या हार्डवेअरवाल्याकडून आणली,
साठ रुपये, चार स्क्रू धरून.
पुढच्या फेरीत विचारलं, "लागते ना नीट?"
"लागते. चांगली आहे."
मग बुटाचं टोक फरशीवर घासत,
"पण बाहेर कुणीच नसतं."

म्हणून मधल्या सुट्टीत
निवृत्तीला तीन वर्षं उरलेली एक बाई
मुलींच्या संडासाबाहेर, गळक्या नळाशेजारी उभी राहून
सोळाचा पाढा म्हणत होती.
दोन पोरी तोंडावर हात धरून हसून गेल्या.
सोळा पाचे ऐंशी,
सोळा सक शहाण्णव,
सोळा साते...
सोळा साते...

आत पाण्याचा आवाज थांबला.
"एकशे बारा," दारामागून आलं.
"पुढे म्हणा, सिस्टर.
मी ऐकतेय."