खिशातला कांदा

सकाळी दहा वाजता एकोणतीस.
अकोल्यात हा आकडा जानेवारीतल्या दुपारचा,
तेव्हा स्वेटर काढावा की राहू द्यावा
एवढाच काय तो प्रश्न.
इथे पीटरबरोत रेडिओ काल रात्रीपासून
गंभीर आवाजात सांगतोय:
म्हाताऱ्यांना पाणी पाजा, कुत्र्यांना गाडीत कोंडू नका,
आणि हाफ मॅरेथॉनवाल्यांनो, विचार करा.

मी विचार केला.
नवतप्यात, पायाखालचं डांबर मऊ झालेलं असताना
मामेबहिणीच्या वरातीत नाचलेय मी.
मग छातीवर नंबर लावला, दोनशे अठरा,
खाली छापलेलं मंदाकिनी,
आणि कमरेच्या पट्ट्यात, जेलच्या दोन पुड्यांशेजारी
एक कांदा. लहानसा. सुपरमार्केटातला.

ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे खिशात ठेवतात.
का, ते कोणी सांगत नाही.
पंचवीस वर्षं मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते,
आतलं काय ते पुराव्यानिशी दाखवते लोकांना.
तरीही.

पहिले चार मैल नेन नदीच्या काठाने, झाडांखालून.
लोक ओरडतात, कमॉन, मँडी!
मँडी तर मँडी.

पाचव्या मैलाला झाडं संपली.
सपाट. जवाचं शेत, कालवा, जवाचं शेत,
आणि आभाळ इतकं, की ठेवायला जागा नाही.
इथलं ऊन आमच्या उन्हासारखं अंगावर धावून येत नाही.
सभ्य माणसासारखं शेजारून चालत राहतं,
आणि सातव्या मैलाला कळतं
याने आपला खिसा कापलाय.
कांदा तेवढा सोडला.

ऊन ही आमच्याकडे टाळायची गोष्ट होती.
बारा ते चार दारं बंद, वाळ्याच्या ताटीवर पाणी,
रस्त्यात फक्त आइसकांडीवाला
आणि ज्याला गत्यंतर नाही तो.
मी पैसे भरून आलेय. बेचाळीस पौंड.

आठव्या मैलाला एक बंगली. वाळून पिवळं पडलेलं लॉन.
दारात बनियनवर एक म्हातारा, हातात बागेची नळी.
नळीवर पंधरा दिवस बंदी आहे, दंड हजार पौंड.
स्वतःचे गुलाब त्याने मुकाट्याने जळू दिलेत,
आणि आता नळीचं तोंड अंगठ्याने दाबून
अनोळखी माणसांना भिजवतोय,
इकडेतिकडे बघत, चोरासारखा.
"कोणाला सांगू नकोस हं, पोरी."
मी बावन्न वर्षांची.
पाणी कोमट होतं, रबराच्या वासाचं.
अजून घे, अजून घे, असं झालं.

अकराव्या मैलाला फुटपाथच्या कडेला एक मुलगा बसलेला.
बसलेला कसला, सांडलेला.
ओठ पांढरे, आणि जे बोलत होता
ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं.
मनगटावरचं घड्याळ म्हणालं, सव्वादोन तासांत यायचं तर
आत्ता.
मी त्याला ओढत एका व्हॅनच्या सावलीत नेलं,
मानेवर बाटली रिकामी केली, पाय वर धरले,
आणि हाक मारली. मराठीत मारली, ओ या ना कोणीतरी!
तरी आले.

हिरव्या गणवेशातल्या पोरीने विचारलं, याला काय दिलंत?
पाणी, म्हटलं.
तिने त्याची मूठ उघडली. कांदा.
कधी दिला, मला खरंच आठवत नाही.
ती कांद्याकडे बघते, माझ्याकडे बघते,
फॉर्मवर रकाना शोधते.
"माझ्या आईला कळवू नका," मुलगा म्हणाला,
स्वच्छ इंग्रजीत,
तेव्हा मी उठले.

उरलेलं चालत गेले.
गालावर मीठ, पन्ह्याच्या तांब्याला पुरेल एवढं.
मग तेराची पाटी, आणि तिच्यापुढचा तो
मैलाचा दहावा हिस्सा,
जो सांगताना कोणी धरत नाही.
तेवढा धावले.

दोन तास एकोणपन्नास मिनिटं.
पदक टेबलावर उन्हात ठेवलेलं,
गळ्यात घातल्यावर चटका बसला.

संध्याकाळी अकोल्याला फोन.
किती होतं गं ऊन?
एकोणतीस, म्हटलं.
बहीण पलीकडे इतकी हसली, इतकी हसली,
की शेवटी मीच फोन ठेवला.