काटा चढत नाही

डिसेंबरातली परभणी. सकाळी सातला
टपावरचं दव बोटानं पुसत
मुंजाजी ढगे म्हणाला,
"मिस्त्री, गाडी तापत नाय."

जिंतूर रोडला मी इतकी वर्षं पाना धरला.
इथं तापलेलीच गाडी येते, वाफा टाकत,
बोनेटवर ओलं पोतं,
क्लीनरच्या हातात रिकामी घागर.
गार पडल्याची तक्रार घेऊन कोण येतं?

"मग बरंच हाय की," हाताखालचं पोरगं हसलं.
मी नाही हसलो.
जीप डिझेल पीत होती, चढाला खोकत होती.
ऑइलचं झाकण उघडलं तर आत
पिवळट साय धरलेली.

आधी काट्यावरच संशय घ्यावा.
सेन्सरची वायर काढून बॉडीला टेकवली,
काटा टुणकन लालपर्यंत.
म्हणजे काटा खरं बोलतोय.
वाईट वाटलं. काटा खोटा निघाला असता
तर काम स्वस्तात झालं असतं.

मग इंजिन चालू, आणि हात वरच्या होजवर.
हे लईक मिस्त्रींनी शिकवलेलं:
बघू नको, धर.
चांगल्या गाडीत होज बराच वेळ मढ्यासारखा गार,
आणि मग एकदम चटका. व्हॉल्व्ह उघडला, समज.
हा पहिल्या मिनिटापासून कोमट.
कोमट, कोमट, कोमट,
ताप आहे की नाही ते आईलाही न ठरवता येणाऱ्या
पोराच्या कपाळासारखा.

रेडिएटरपुढं अर्धा पुठ्ठा लावून पाहिला.
काटा दोन रेघा सरकला,
तिथंच रुसला.

दोन बोल्ट. एक सहज सुटला,
दुसऱ्याला डिझेल पाजावं लागलं.
झाकणाखाली काहीच नाही.
व्हॉल्व्हची जागा गोल, रिकामी,
काठाला गंज.
आणि झाकणाला चिकटून पॅकिंग,
जाड कागदाचं, हातानं कापलेलं,
हातोडीच्या टोकानं ठोकून पाडलेली भोकं,
त्यातलं एक किंचित वाकडं.
ते वाकडं भोक मी ओळखलं.

ब्लेडनं हळू सोडवलं. सोनेरी शाई:
"शुभवि"
आणि कडेला, "रविवार, दि. ११ मे".

त्या मे महिन्यात हीच जीप वऱ्हाड घेऊन सेलूला निघालेली
आणि आमच्या दारात उकळली.
लईक मिस्त्री सावलीतून उठले नाहीत.
"निकाल के फेक दे रे उसकू,
इत्ती गर्मी में उसका क्या काम!"
मी सोळा वर्षांचा. फेकला.
दुकानात पॅकिंग नव्हतं.
हळदीच्या हातानं नवरदेवानंच
पिशवीतून उरलेली पत्रिका काढून दिली,
"ही काप. जाड हाय."

नवरदेव आता माझ्या शेजारी उभा होता,
मफलर कानाला, कागद उजेडाला धरून.
"दोन नावं होती यावर," म्हणाला,
"एक बोल्टाच्या भोकात गेलं."
कोणतं, ते मी विचारलं नाही.

नवा व्हॉल्व्ह दोऱ्याला बांधून
समोरच्या टपरीवरल्या आधणात सोडला.
बराच वेळ काही नाही. बुडबुडे.
मग पितळी टिकली हलली,
मांजरानं दार ढकलावं इतकीच.
"या पाण्याचा चहा मी करायचा नाय,"
टपरीवाला बाबाराव म्हणाला, आणि बरोबर होतं त्याचं.

बसवला. चालू केली.
होज गार. गार. अजून गार.
मुंजाजीला म्हटलं, धर.
त्यानं धरला,
आणि चटका आल्यावर माणूस जितक्या लवकर हात काढतो
तितक्या लवकर काढला नाही.

काटा मधोमध येऊन उभा राहिला.

बिलावर लिहिलं:
व्हॉल्व्ह एक, रबरी पॅकिंग एक, मजुरी.
खाली: वजा, जुनी चूक, शंभर.
त्यानं वाचलं, घडी घातली,
पत्रिकेचा तुकडा आत ठेवला
आणि सुटे परत मागितले.