पत्ता विचारलास म्हणून

पत्ता विचारलास म्हणून सांगतो,
एरवी हा माणूस मी कुणाला सांगत नाही.

भुसावळहून यावलची एस.टी. धर.
तापी ओलांडली की सिंथवर ओला टॉवेल टाक,
मे महिन्यात त्याचं प्लास्टिक
पापडासारखं वाकतं.
केळीच्या गाड्यांच्या वजनकाट्यापाशी उतर
आणि रुबाब तडवी विचार.
रेल्वेत टेलिफोनच्या तारा जोडण्यात एकतीस वर्षं गेली,
दुकानाला पाटी नाही.
पाटीवाल्यांकडे मी आधी जाऊन आलो होतो.

धुळ्यातला म्हणाला, होऊन जाईल.
झालं ते असं की खालचा सा दाबला
की वरचा नी आपोआप बोंबलायचा.
जळगावातल्याने पेटी आठ महिने ठेवून घेतली.
परत आली ती सहाऐवजी चारच सूर एका वेळी धरायची.
उघडून पाहिलं,
दोन जपानी चिपांच्या जागी रिकामी भोकं,
पडलेल्या दातांवरून जीभ फिरावी
तसं माझं बोट फिरलं.
सुपडूशेठ, आमच्या बँडचे मालक, म्हणाले,
भंगारमा दी टाक, भाऊ.

पण त्या पेटीत बन्सी मास्तर होते.
म्हणजे त्यांनी बटणं पिळून पिळून केलेले
बत्तीस आवाज.
नवरी मांडवाबाहेर पडताना तेरा नंबर लावायचे.
सनई नव्हे तो,
सनईवाल्याला सर्दी झाल्यासारखा काहीतरी,
आणि बायका नेमक्या त्यावरच रडायच्या.
कसा केला ते सांगितलं नाही.
विचारलं की तपकिरीची डबी उघडायचे.

रुबाबभाईंनी पेचकस लगेच हातात घेतला नाही.
चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला,
झाकण मी उघडलं, त्यांनी आत नाक नेऊन हुंगलं.
सेल फुटलाय, म्हणाले.
तांब्याच्या रेघांवर हिरवं उतरलेलं,
पितळेच्या वाटीत रात्रभर ताक राहावं तसं.
मग विचारलं,
यातले आवाज कुणाचे?

दोन शहरांत हे कुणी विचारलं नव्हतं.

सेल काढला की सगळं पुसलं जाईल, म्हणाले,
आधी उतरवून घेऊ. कोरी कॅसेट आहे?
नव्हती.
त्यांनी मुलीच्या हळदीची काढली,
तिची दुसरी बाजू रिकामी होती.
वायर टेपला जोडली, बटण दाबलं,
आणि बन्सी मास्तर बाहेर आले.
चर्र, किर्र, तव्यावर मिरची, पत्र्यावर वाळू.
बत्तीस आवाज मिळून एक सूर नाही.
मी हादरलो.
ते म्हणाले, तारेतून माणूस असाच जातो.
पलीकडे पोचला की बोलतो.

नऊ दिवस लागले.
मध्ये एकदाच फोन:
त्या दोन चिपा मला मिळणार नाहीत.
डुप्लिकेट लावता येतील, मी लावणार नाही.
चारच सूर राहतील. चालेल?
सुपडूशेठला न विचारता मी चालेल म्हटलं.

कॅसेट परत पेटीत भरताना दोनदा नापास झाली.
तिसऱ्यांदा हिरवा दिवा.
सहा नंबर गेला, एकोणतीस गेला,
वीस नंबर भलताच काहीतरी झालाय,
मी तो आता गणपतीत वापरतो.
तेरा आला.
सर्दी जरा उतरल्यासारखी वाटली,
किंवा माझेच कान असतील.

सातशे रुपये घेतले.
औषधाच्या पाकिटात घालून दिलं
जे जे काढलं होतं ते सगळं,
फुटका सेल, अकरा कपॅसिटर आणि एक स्क्रू.
हा स्क्रू तुमच्या पेटीचा नाही, म्हणाले,
आधीच्या कुणाचा तरी आत राहिला होता.
पण माझाही नाही, घेऊन जा.

तर जा.
शुक्रवारी दुपारी नको, नमाजाला जातात.
डाग देताना हात थरथरतो आता,
डाव्या हाताने उजवं मनगट धरतात,
ते बघून पेटी उचलून परत येऊ नकोस.
आणि कोरी कॅसेट घेऊन जा.
हळदीच्या दुसऱ्या बाजूला
आता जागा नाही.