वाऱ्याची बाजू

कोराडीत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसांना
राखेची भीती कोणी घालू नये.
पापड वाळत घालायच्या आधी मी चिमणीकडे बघते,
मग पदर सैल सोडून वारा कुठला ते.
आपल्याकडे असला तर पापड आत.

आणि यांना आता ज्वालामुखी बघायचा आहे.
जिवंत. जावा बेटावरचा.
बॉयलरच्या काचेतून आयुष्यभर आग पाहिली,
म्हणे एकदा झाकण नसलेली बघू.

भाची तृप्ती दगडांतली शिकलेली, सेमिनरी हिल्सला ऑफिस.
तिनं कागद लिहून दिला, तो फ्रिजवर लावला:
इशाऱ्याचा आकडा आदल्या संध्याकाळी बघा,
निघताना पुन्हा बघा.
वारा पाठीवर घ्या. खोलगट जागी टेकू नका,
वायू पाण्यासारखा उताराला जातो, दिसत मात्र नाही.
हेल्मेट. घट्ट चष्मा.
वाटाड्या परत म्हणाला की परत,
पैसे भरलेत हे बोलायचं नाही.

खाली मी पेन्सिलीनं लिहिलं: कांदा, खिशात.
हसली. आत्या, तिथं लू नाही गं,
पहाटे काठावर थंडी असते, स्वेटर घे.
आगीला भेटायला स्वेटर!
सत्तेचाळीस डिग्रीत पेटीतून काढला,
डांबरगोळीच्या वासासकट कूलरसमोर घालून पाहिला.

कागदाची शेवटची ओळ बारीक अक्षरात होती.
दम्याच्या माणसानं काठावर जाऊ नये.
आम्ही दोघांनी ती वाचली,
वेगवेगळ्या वेळी,
पाण्याची बाटली काढायच्या निमित्तानं.
डॉक्टर झाडेंच्या नळीत यांनी जीव लावून फुंकलं,
तीनपैकी एकच गोळी उचलली.

रात्री गच्चीवर म्हणाले,
"काऊन वं, तू जाशीन का वरपर्यंत?
मी खाली बसतो, वाऱ्याच्या अलीकडं.
आल्यावर सांग. सगळं सांगजो पण, घाईनं नको."

एक मेला सीताबर्डीचा किल्ला उघडतो.
सराव म्हणून गेलो.
हे फाटकाशी, पंप आणि बाटली घेऊन,
मी एकटी चढले, स्वेटर कमरेला बांधून.
तृप्ती म्हणते ही टेकडी लाव्हाच आहे,
कधीचा निवलेला.
हात टेकवला तर चटका बसला.

वरून हे दिसले, एवढेसे.
रुमाल उंच धरून उभे होते,
मला वारा दाखवत.