चौऱ्याऐंशी इंच

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे मला
उंची यायच्या आधीपासून पाठ होतं.
मग उंची आली. पाच फूट अकरा.
प्रतापनगरच्या रेल्वे ग्राउंडवर
नेटच्या वर माझी कोपरं जायची
आणि घरी आई म्हणायची, जरा वाकून बस गं,
बघायला येतायत.

उन्मेष पाच-पाच. त्याला काहीच वाटलं नाही.
वाटलं ते पलंगाला.
सागवानी, पायथ्याला कोरलेले दोन मोर,
बावीस वर्षं माझे तळवे
त्यांच्या चोचींवर.
म्हणून मी कुशीवर, गुडघे पोटाशी.
परवा कापसाची गादी गच्चीत उन्हाला टाकली
तर तिच्यात माझी खळगी दिसली,
पहिल्या वेलांटीसारखी.

डॉक्टरांनी कमरेचा फोटो उजेडासमोर धरला.
चौथा मणका, पाचवा मणका.
त्यांच्यामध्ये बोट ठेवून म्हणाले, गादी बदला.
बडोद्यात हे वाक्य
एके काळी दार लावून बोलत असतील.

रावपुऱ्यात जिगीषभाईंचं दुकान.
मी म्हटलं, दाखवा.
ते म्हणाले, जोवानुं शुं, सूई जाओ ने बेन.
भर दुपारी, काचेपलीकडे रिक्षा,
मी चपला काढून, पर्स पोटावर धरून
करकरणाऱ्या प्लास्टिकवर उताणी.
पहिली स्प्रिंगची. पलीकडच्या कडेला पोऱ्या नुसता टेकला
तरी मला बातमी लागत होती.
दुसरी काथ्याची,
गणिताच्या बाईंसारखी, एकदाही हसली नाही.
तिसरीत रुतले. उठले तेव्हा
माझा आकार तिथेच पडलेला,
आणि पोऱ्या बघत उभा, तो सावकाश भरून येताना.
मला उगाच लाज वाटली.

चौथीच्या वेळी त्यांनी बायकोला हाक मारली.
हंसाबेन हिशेब अर्धा टाकून आल्या,
माफ करजो म्हणत
माझ्या कमरेखाली हात सरकवला.
आरपार गेला तर गादी फार कडक,
शिरलाच नाही तर फार मऊ.
हात गेला, आणि बरोबर तिथे थांबला
जिथे मार्चपासून मी कुणाला हात लावू दिला नव्हता.
आ ज, त्या म्हणाल्या.
बांगडी टोचत होती. मी हलले नाही.
पंख्याची तीन पाती मोजली, परत मोजली,
हलले नाही.

माप? बहात्तर, पंचाहत्तर, अठ्ठ्याहत्तर.
मी म्हटलं, चौऱ्याऐंशी.
पेन थांबलं.
खास कापावी लागेल, दोन हजार वर,
आठ दिवस, आणि परत घेणार नाही.
लक्ष योनींचाही आकडा हाच,
तो फेरा तर फिरून झालाच असणार, मनात म्हटलं,
आणि आगाऊ रक्कम दिली.

उन्मेषने फोनवर एवढंच विचारलं,
मग मोरांचं काय?
संध्याकाळी घरी आले तर तो फरशीवर,
शेजारच्या तडवळकरांची करवत मांडीवर,
अंगभर भुसा.
मोर वर्तमानपत्रावर आडवे,
कधी नव्हे ते एकमेकांकडे पाठ करून.
फूटभर फळी जोडायला सुतार रविवारी येतो म्हणालाय,
एवढं सांगून तो आंघोळीला गेला.

गादी आली. पहिल्या रात्री
झोप नाहीच लागली.
पाय सोडले, सोडत गेले,
टाचेपासून मानेपर्यंत एक काना झाले,
तरी अंगठे अंधारात चोच शोधत राहिले.
तीनच्या सुमाराला कूस बदलली.
उन्मेष जागाच होता.
म्हणाला, तू केवढी लांबपर्यंत आहेस.

होतेच, मी म्हटलं.